पन्नास मीटरवरची खूण

गंगाधर सर गेल्याचा निरोप मी शाळेच्या मैदानावर उभ्या उभ्या वाचला. जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. कुणी लिहिलं, सर म्हणजे दुसरे वडीलच. मी काही लिहिलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण चांगलं बोललंच पाहिजे असं कुठं आहे?

करमाडच्या अलीकडं, एका गोदामामागच्या पडीक जागेत सर आम्हाला धनुर्विद्या शिकवायचे. चाकांचं कंपाऊंड धनुष्य एकच, तेही सरांचं. त्यांचा मुलगा निखिल आणि मी, दोघांची ओढ, म्हणजे दोरी मागं खेचायची लांबी, सारखी, म्हणून ते दोघांत. नेम धरायच्या साईटच्या पट्टीवर तीस, चाळीस, पन्नास मीटरच्या खुणा केलेल्या असत. खूण खोटी ठरायला लागली की सर आधी सगळ्या अंतरांवरून बाण मारायला लावायचे. "जवळूनच चुकतंय, तर दोरीतली नेम बघायची चकती सरकली. जवळ बरोबर अन् लांब गेलं की खाली खाली, तर बाण मंद झाला. एक तर धनुष्य सैल, नायतर ओढणारा." मग माझ्याकडं बघून, "इथं तर ओढणारीच." पोरं हसायची. मुलींत मी एकटी होते, त्यामुळं हसायला मी कायम हाताशी असायची. पण शिकवायचे लई भारी, हे नाकारता येत नाही.

राज्याच्या निवडीचा दिवस. निवड झाली तर खेळाच्या कोट्यातून नोकरीची आशा होती, आणि वाळूजच्या कंपनीतली पाळी सोडून वडील बघायला आले होते. सकाळी मुलांची फेरी झाली, दुपारी आम्हा मुलींची. तीसवर बाण मध्यात बसले. चाळीसवर किंचित खाली. पन्नासवर पहिले तिन्ही पार तळाला... चकती जागेवर होती. ओढ शेवटपर्यंत जात होती, ते हाताला कळतं. उरले धनुष्याचा ताण ठरवणारे पात्यांचे बोल्ट, आणि ते फिरवायची एलन की सर कुणाला देत नसत. मी मागं वळून म्हटलं, "सर, बोल्ट सैल झालेत."

"नाचता येईना, अंगण वाकडं," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. माझे वडीलही हसले, बिचारे, सरांचा मान राखायला. बाण वर जावा म्हणून मी अंदाजानं साईट खाली घेतली, पुढचे बाण बसलेही. पण गेलेले गुण परत येत नाहीत. निखिलची निवड झाली. माझी थोडक्यात हुकली. वडिलांनी धनुष्याचं नाव पुन्हा घरात घेऊ दिलं नाही. निखिलनं पुढच्याच वर्षी खेळ सोडला.

सर आजारी आहेत कळलं तेव्हा मी चिकलठाण्याला त्यांच्या घरी गेले. समाचाराला नाही, विचारायला. खाटेवर चिपाडासारखं शरीर उरलं होतं. घरात कुणी नाही बघून विचारलं, "सर, बोल्ट कुणी सैल केले होते?"

"मीच. आदल्या सांजंला. पोराचा खांदा धरला व्हता, त्याला ओढवंना. त्याला नव्या खुणा सांगितल्या, तुला नाय." थोडा वेळ धाप लागली. "दुपारी परत आवळायचं राहिलं असं नाय. निखिलला अजून एक फेरा मारायला लागला असता तर... म्हणून तसंच ठेवलं." मग डोळे बारीक करून माझ्याकडं बघत, "तुला कधी कळलं?"

"पन्नासवर. तिसऱ्या बाणाला."

"तिसऱ्याच?" सर हसले. दात नव्हते, तरी तोंडभर हसले. "मंग लई बराबर शिकवलं की गं मी तुला."

त्यांनी पाणी मागितलं, मी पाजलं. मी एका शब्दाची माफी घ्यायला गेले होते आणि या माणसाला आयुष्यभराचं समाधान देऊन आले. तेवढ्यावर तो सुखानं मेला, हे मला अजून सहन होत नाही.