खाटेखालची बॅग

नववीत शाळा सोडली. गावात घरचे लग्नाचं बघायला लागले तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात, हे कुणाला सांगणार? एका ठेकेदाराच्या ओळखीने झाशीला पळालो. तिथे जवळच बिजौलीत पाइपच्या कारखान्यात लागलो. खोली मिळाली मानिक चौकामागच्या गल्लीत, एका मराठी काकूंकडे.

मराठी ऐकून काकू हरखल्या, आणि मी घाबरलो. गाव कुठलं, कूळ कोणतं, मामा काय करतात, एकामागून एक सुरूच. मला वाटलं, बाई माग काढतेय. इथे मराठी घरं मोजकी, मुलामुलींची लग्नं जमता जमत नाहीत, म्हणून महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पोरगा सगळ्यांच्या नजरेत असतो, हे मला काय ठाऊक.

रविवारी जवळच्या बरुआसागरचा एक मित्र यायचा. जिन्यात बसून आम्ही चहा प्यायचो. काकू दळण पाखडता पाखडता आमच्याकडे बघत राहायच्या. तो गेला की काही विचारायच्या नाहीत. त्यामुळेच जीव जास्त घाबरायचा. विचारलं असतं तर खोटं तरी बोललो असतो.

एका संध्याकाळी कामावरून आलो तर काकू फोनवर होत्या. माझ्या गावाचं नाव ऐकू आलं. मला बघताच आवाज खाली गेला. झालं, म्हटलं, घरी कळलं. वर जाऊन बॅग भरली.

काकू पोळी-भाजीचं ताट घेऊन वर आल्या. बॅगेकडे बघितलं.

"कुठे निघालास बेटा?"

मी बॅगेची चेन ओढली.

"आत्ता फोन होता तो ग्वालियरवाल्यांचा, त्यांच्या मुलीसाठी तुला विचारत होते. मी मना केलं. म्हटलं, मुलगा चांगला आहे, पण लग्नाला नको."

यांना कसं कळलं, आणि आणखी कुणाकुणाला?

"माझा धाकटा दीर असाच होता," काकू ताट ठेवत म्हणाल्या. "आम्ही बळेच लग्न लावलं. त्याचंही आयुष्य गेलं, त्या पोरीचंही. आता दुसऱ्या पोरीला नाही असं पाठवणार."

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. जेवलो मात्र.

पुढच्या आठवड्यात काकू म्हणाल्या, दवाखान्यात लोकांच्या मनातलं ऐकून त्यांच्याशी बोलणाऱ्या एक मॅडम बसतात, जाऊन ये. इलाज करायला नेतायत असंच वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, "आजारी आहेस का तू? बोलायला चल." काकू स्वतः बाहेर बाकावर बसून राहिल्या. हा आजार नाही, असं मॅडमनी सांगितलं. मी विचारलं, घरी कळवणार का? नाही म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. न चिडता पुन्हा नाहीच म्हणाल्या. तिथून उठताना पहिल्यांदा वाटलं, आपण बिघडलेले नाही.

मागे आईने, मी दिलेल्या नंबरावर, काकूंना फोन केला. मी दाराआडून ऐकत होतो. पोरगा वेळेवर जेवतो, एवढंच त्या बोलल्या, आणि फोन मला दिला.

काकूंचे उपकार कसे फेडू कळत नाही. तरी त्या फोनवर बोलू लागल्या की मी अजून कान टवकारतो. बॅग खाटेखाली भरलेलीच आहे. झाडताना काकू ती बाजूला घेतात, केर काढतात आणि पुन्हा जागेवर सरकवतात.