न खाजणारा चट्टा

एकोणीसशे साठच्या आसपास मी मुळशीत कुष्ठरोगाच्या तपासणीवर नर्स होते. ताम्हिणीकडच्या गावांत देवळाच्या ओसरीवर बसायचे आणि लोक कातडी दाखवायला यायचे. दाखवायचे ते फक्त खाजणारं. गजकर्णाची कड उठलेली असते, मधली कातडी साफ. खरजेचे फोड बोटांच्या बेचक्यांत येतात. पाठीवरच्या पांढुरक्या शिब्यावर नख फिरवलं की कोंडा निघतो. भातलावणीत पायाला चिखल्या तर घरटी होत्या. मी शोधत होते तो चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कोणी दाखवतही नाही. मला याचा राग यायचा, पण काढायचा कोणावर?

एका घरी म्हातारीने चहाला बोलावलं. तिच्या सुनेने चुलीवरचं उकळतं पातेलं नुसत्या हाताने उचललं आणि सावकाश खाली ठेवलं. म्हातारी कौतुकाने म्हणाली, "आमच्या सुनंला फडकं लागत न्हाई. हात लई घट हायेत तिचे."

शेजारणीही माना डोलावत होत्या. त्या भागात चुलीपाशी न कचरणारी सून म्हणजे घराची शान. मी मात्र तिच्या बोटांवरचे भाजल्याचे जुने वण पाहिले आणि कप खाली ठेवला.

हात धुवायच्या निमित्ताने तिला परसात नेलं. कोपराखाली तांबूस, कोरडा चट्टा होता. कोपरामागची शीर दोरीइतकी जाड लागली. मी तिला डोळे मिटून, कापूस टेकेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. चांगल्या कातडीवर तिने दर वेळी अचूक बोट ठेवलं. चट्ट्यावर आणि करंगळीवर मी टेकवत राहिले, ती वाट बघत राहिली.

डोळे उघडून करंगळीवरचा कापूस पाहिल्यावर तिला समजलं. "बाई, आत्याबाईंना सांगू नगा. मला माह्यारी धाडतील. लेकरू हितंच ठेवून घेतील."

मी म्हातारीला सांगितलं, की सुनेच्या हाताच्या शिरा अशक्त झाल्यात, गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील आणि गरम भांड्याला फडकं हवंच. खोटं बोलले नाही, अर्धंच बोलले. घरातल्या सगळ्यांची कातडीही तपासली. ती साफ होती.

गोळ्या तिने एकदाही चुकवल्या नाहीत. चट्टा पुसट होत गेला. गेलेली जाणीव सगळ्यांची परत येत नाही, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या वर्षी पुन्हा त्याच चुलीपाशी चहाला बसले होते. फडकं घसरलं, तिची करंगळी पातेल्याला लागली आणि तिने झटक्यात हात मागे घेतला.

"तुमच्या गोळ्यांनी नाजूक झाली बगा," म्हातारी कुरकुरली. "आदी असली न्हवती."

सून करंगळी तोंडात धरून माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले. मी म्हातारीला म्हणाले, "धूर फार झालाय, मावशी."