मोटरहोमच्या टाकीत विहिरीचं पाणी

तुम्ही तिकडे सुट्टीसाठी मोटरहोम भाड्याने घेणार आहात, म्हणून हे लिहिते. तुमच्या आजोबांनी जुनी व्हॅन घेऊन आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली, तेव्हा मी एकच अट घातली होती. पहिला प्रवास सुखाचा झाला नाही, तर गाडी विकायची.

डिचोलीहून निघालो आणि पहिला मुक्काम पेडण्याला, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या अंगणात केला. चहासाठी नळ सोडला, तर पंप नुसताच घुरघुरला. पाणी येईना.

"काय हो वहिनी, घर बरोबर आणलंत आणि पाणी आमच्याकडे मागणार?" नणंद दारातून हसली.

आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी पंपाजवळची गाळणी उघडली, तर ती लाल गाळाने गच्च भरलेली. नळाच्या पाण्याचा चहा बेचव लागतो, म्हणून आम्ही हौसेने आमच्या विहिरीचं पाणी भरलं होतं. लोखंडाच्या खाणींच्या गावातली विहीर ती, पाण्यात लाल माती उतरतेच. स्वयंपाकघरात मी ते पाणी रोज फडक्यातून गाळते, पण टाकीत पाइप सोडताना दोघांनाही ते सुचलं नाही.

तेव्हा पाणी कितीही स्वच्छ दिसलं, तरी पाइपच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधा आणि गाळणी प्रत्येक मुक्कामाला धुवा. आम्हीही टाकी धुऊन, पाइपला फडकं बांधून पुन्हा भरली.

सकाळी आजोबांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "मग, घरी परतायचं?"

"आंबोलीला चला," मी म्हटलं. "चहा गाडीतच करते."