बाबांच्या साक्षीची तारीख

माझे बाबा पोलिसांत सब-इन्स्पेक्टर. नोकरीसाठी यवतमाळहून दिल्लीला आले. मी इथंच जन्मले, दिल्लीच्या द्वारका भागात वाढले. त्यांनी कुणाला पकडलं की ते घरी कळायचं. पुढे त्या माणसाचं काय झालं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्यांनी पकडलेले दोन आरोपी लागोपाठ निर्दोष सुटले. दुसऱ्या निकालात न्यायाधीशांनी लिहिलं, तपास अधिकाऱ्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. तेव्हापासून बाबांची कोर्टाची तारीख असली की आई सकाळपासून गप्प. फोन ओट्यावर, डोळ्यांसमोर.

तिसऱ्या खटल्यात त्यांची साक्ष होती, तेव्हा मी त्यांना न सांगता गेले. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होते, कोर्टात कुणी हटकणार नव्हतं. मागच्या बाकावर शेजारी पानिपतहून आलेली एक बाई बसली होती. आरोपी तिचा मुलगा, ई-रिक्षा चालवणारा. त्याच्याजवळ गावठी कट्टा सापडला, असं बाबांचं म्हणणं.

"तुम्हारा कौन है यहाँ?" तिनं विचारलं.

"कोई नहीं, आंटी. पढ़ती हूँ."

आरोपीच्या वकीलबाई उठल्या. "शाम का वक़्त, भरा बाज़ार. एक भी गवाह नहीं मिला?"

"कोई तैयार नहीं हुआ," बाबा म्हणाले.

"पिछले दोनों मुकदमों में भी आपने यही कहा था. पूछा किस-किस से था?"

बाबांनी घसा खाकरला. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी आता एखादं नाव ठोकून द्यावं, असंही वाटलं आणि देऊ नये, असंही.

"किसी से नहीं पूछा था," ते म्हणाले.

परतताना मी बाबांच्याच गाडीत बसले. मीच विचारलं, "बाबा, कट्टा खरंच त्याच्याकडे होता?"

"होता." त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "पण तुलाही विचारावंसं वाटलं ना? मग जज साहेबांचं काय चुकलं?"

तो मुलगा सुटला. बाबांची खात्याअंतर्गत चौकशी लागली, पोलीस ठाण्यातून काढून त्यांना पोलीस लाइनीत, तपासाचं काम नसलेल्या जागी, बसवलं. जुने खटले मात्र चालूच आहेत, त्यांच्या तारखांना त्यांना जावंच लागतं.

परवा त्यातल्या एकाचा निकाल लागला. साखळीचोर होता, त्याला शिक्षा झाली. मी आता हॉस्टेलवर राहते; आईनं तिथं फोन केला, कितीतरी महिन्यांनी हसत बोलली. "बघ, ह्यात तर सिद्ध झालं ना!"

मी "हो ना," म्हटलं. फोन ठेवला आणि लगेच कोर्टाच्या साइटवर तो निकाल उघडला. साक्षीदार कोण होते, ते शोधत खाली खाली जात राहिले.