नलिनीबाईंची मयूरी

भालकीत नलिनीबाईंनी बरीच वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. क्लासची मशीनं मोठी, जड. स्वतःसाठी मात्र त्यांच्याकडे पेटीत मावणारं, फिकट हिरवं, छोटं मशीन होतं. वडिलांनी हैदराबादेहून आणलेलं. समोर पितळी पट्टीवर नाव होतं, 'मयूरी'. क्लास बंद केला तेव्हा त्यांनी ते एका हुशार विद्यार्थिनीला देऊन टाकलं. ती पुढे लग्न होऊन कुठं गेली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सत्तरीनंतर नलिनीबाईंना विसर पडू लागला. आधी भाजीतलं मीठ, मग शेजाऱ्यांची नावं. पण रोज दुपारी मांडीवर बोटं चालवत त्या विचारायच्या, "माझी मयूरी कुठं हाय?"

त्यांचे पती गिरिधरराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. मशीन समोर आलं तर हिचं मन थाऱ्यावर येईल, असं त्यांना वाटलं. ते हैदराबादेला गेले. तिथं मयूरीचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. कलबुर्गीत टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या राजपालनं क्लासच्या जुन्या फोटोतली मयूरी पाहून सांगितलं, "साहेब, मयूरी नावाचा कारखानाच नव्हता. मशीनं बाहेरून यायची. दुकानदार आपली पट्टी लावून विकायचा."

मग मूळ मशीन कुणाचं, याचा गिरिधररावांना ध्यासच लागला. फोटोतला मशीनचा प्रत्येक कोपरा ते मोबाइलवरच्या फोटोंशी ताडून बघायचे. कुणाकडे जुनं मशीन आहे असं कळलं की पिशवी उचलून निघायचे. कधी बिदर, कधी उदगीर, कधी सोलापूर. शेवटी उलगडा झाला. जपानातला एक कारखाना ही मशीनं बनवायचा आणि देशोदेशीचे व्यापारी त्यांना आपापली नावं द्यायचे. म्हणजे आता कुठल्याही नावाचं मिळालं तरी चालणार होतं.

घरी आईजवळ मुलगी विभा होती. ती फोनवर म्हणायची, "अप्पा, आई सकाळपासून तुम्हालाच हाका मारायलीय. या ना घरी."

"येतो गं. सापडायलंय आता."

गाणगापुरातल्या एका लॉजच्या कपाटात तेच मशीन सापडलं. रंग तोच, पट्टी निराळी. मालकानं आनंदानं दिलं. गिरिधरराव ते मांडीवर घेऊन बसमधून घरी आले.

"नलिनी, बघ काय आणलंय."

तिनं पट्टी वाचली. "ही माझी न्हाई. दुसऱ्याची वस्तू कामून आणलाव? परत देऊन या."

"अगं, मशीन तेच हाय. नुसतं नाव बदललंय."

ती विभाकडे वळली. "हे गृहस्थ कोण? चहा ठेव त्यांना."

विभा स्वयंपाकघरात जाऊन रडली. गिरिधरराव मागोमाग गेले, तेव्हा ती म्हणाली, "परवापर्यंत ओळखायली होती, अप्पा. तुमची वाट बघत दारातच बसायची."

त्यानंतर ते कुठंच गेले नाहीत. नलिनीला घास भरवायचे, तिची वेणी घालायचे. परक्या माणसाचे मानावेत तसे ती आभार मानायची.

एकदा तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण हाय?"

"बायको हाय."

"बरी हाय ना?"

"न्हाई. आजारी हाय."

"मग तिला एकटीला सोडून इथं कामून बसलाव? जावा की घरी."

"जातो," गिरिधरराव म्हणाले, आणि तिचा हात हातात घेऊन तिथंच बसून राहिले.