थांबायला कुणाला सांगायचं

गुरुग्रामच्या ऑफिसात इंटर्न म्हणून मला मिळालेलं काम ऐकायला सोपं होतं. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड अडकलं की ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, ते रीसेट करतो, नव्याने सुरू करतो. तेवढ्या वेळात बाकीच्या कोडने कार्डाला हात लावायचा नसतो. म्हणून 'रीसेट चालू आहे का?' ही तपासणी ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने जागोजागी लिहून ठेवली होती. त्या सगळ्या काढून एकच फंक्शन बसवायचं. "सरसकट," माझं काम बघणारे सर म्हणाले होते.

मी बसवलं. चाचण्या पास झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सर तो बदल मुख्य कोडमध्ये घेणार होते. पण एका जागी माझं मन अडत होतं. तिथला कोड स्वतःच रीसेटचं काम करत होता. त्यालाही 'थांब' म्हटलं, तर कार्डाला उठवणार कोण?

त्या दिवशी सकाळी दिल्लीत, करोल बागच्या खोलीत, मी हे रूममेटला सांगितलं. ती आमच्याच तालुक्यातली, यूपीएससीची तयारी करणारी.

"मग विचार की सरांना."

"माझंच चुकत असेल तर?"

"मॉक इंटरव्ह्यूत मला प्रश्न विचारून जीव घेतेस, आणि तिथे मुकी होतेस!"

ती हसली. मला हसू येईना. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इथे कायम ठेवतील की नाही, ते याच कामावर ठरणार होतं. हिला साधं एवढंही कळत नाही, असं सरांना वाटलं तर? मेट्रोत मी तो प्रश्न मनात आधी हिंदीत जुळवला, मग इंग्रजीत, मग पुन्हा हिंदीत. बसायला जागा होती, तरी उभीच राहिले. ऑफिसात पोचताच सरांच्या टेबलापाशी गेले.

"सर, एक डाउट है. ये रीसेट वाला कोड खुद को ही तो नहीं रोक देगा?"

सर स्क्रीनकडे बघत राहिले. "टेस्ट तो पास हुए थे ना?"

"हाँ सर, पर... टेस्ट में कार्ड अटकता ही नहीं."

"अच्छा? तो चलो, अटकाते हैं."

त्यांनी मुद्दाम कार्ड अडकवलं. टेस्ट मशीनचा पडदा काळा झाला. आम्ही थांबलो. तो काळाच राहिला. माझी शंका खरी ठरल्याचा मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाचीच लाज वाटली.

"अच्छा हुआ आज पूछ लिया," सर म्हणाले. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "बाकी जगहें भी ऐसे सोचकर देखी हैं?"

पाहिल्या नव्हत्या. मी नकारार्थी मान हलवली.

"तो आज मेन कोड में कुछ नहीं जाएगा. एक-एक करके देखो."

नोकरीचं ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. काम मात्र त्यांनी माझ्याकडेच ठेवलं होतं. मी पहिली फाइल उघडली, आणि आता प्रत्येक ओळ संशयास्पद दिसू लागली.