दुसऱ्या माळ्यावरच्या सगळ्यांसाठी

रेडिओवरचा दुपारचा फर्माईशीचा कार्यक्रम बंद झाला, तेव्हा स्टेशनने साधं सांगितलंही नाही. आई नेहमीसारखी नंबर लावत बसली होती. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. आणि रेडिओवर कुणीतरी हिंदीत ओरडत होता: आता फक्त हिट गाणी, बडबड बंद.

बडबड! ह्या लोकांना काय कळतं?

भोईवाड्यातली आमची चाळ पाडली, तेव्हा आम्ही घोडपदेवला भाड्याने आलो आणि शेजारची काकू माहीमला लेकाकडे गेली. त्याआधीच आईचं आणि तिचं बोलणं तुटलं होतं. बिल्डरच्या कागदावर आईने सही केली, काकूने केली नाही, आणि भर गॅलरीत दोघी एकमेकींना नको नको ते बोलल्या. माहीम काय लांब आहे? पण जाणार कोण आधी?

फर्माईश करायची मात्र आमच्या चाळीची एक पद्धत होती, ती दोघींनी चाळ गेल्यावरही सोडली नाही. कुणा एकाचं नाव घ्यायचं नाही. फोन लागला की आई आधी निवेदिकेला जयभीम घालायची, तीही "जयभीम ताई" म्हणायची, आणि मग आई म्हणायची, "भोईवाडा, दुसऱ्या माळ्यावरच्या सगळ्यांसाठी." चार दिवसांनी काकूचा मालवणी हेल यायचा, "दुसऱ्या माळ्यावरच्या सगळ्यांका हां." सगळ्यांत आई आलीच. भाजी निवडता निवडता आई म्हणायची, "आवाज बसलाय बयेचा." तेवढं तिला पुरायचं.

मी संघटनेची पत्रकं लिहिणारी. गप्प कशी बसणार? 'हवा सगळ्यांची, परवाना कंपनीचा, मग आवाज कुणाचा?' असं मथळ्यात छापलं. मागण्या दोनच: मराठी परत आणा, लोकांचे फोन पुन्हा घ्यायला लागा. दादर स्टेशनबाहेर सह्या घेतल्या. एकजण सही न करताच म्हणाला, "ताई, रेडिओ ऐकतं कोण आता? जा, आईला पॉडकास्ट लावून दे."

शेवटी रेडिओ स्टेशनवाल्यांनी आम्हाला बोलावलं. परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या ऑफिसात. साहेब गोड बोलला. "मराठी गाणी देतो, रोज एक तास. फोन नको. फोन करणारे काय, तेच तेच लोक."

"तेच तेच लोक म्हणजे लोकच ना?" मी म्हणाले.

माझ्याच सहकाऱ्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. खाली आल्यावर सगळ्यांनी विजयाचा फोटो काढला. "जिंकलो ना यार, तुझं तोंड का असं?" मी म्हटलं, अर्धी मागणी कचऱ्यात गेली. कुणी ऐकलं नाही. फोटोत मी नाही. पुढच्या आठवड्यात मी एकटीच त्या ऑफिसच्या गेटवर पत्रकं घेऊन उभी होते. वॉचमनने दोन घेतली, वडापाव ठेवायला.

मराठी तासाच्या पहिल्या दिवशी आईने आवाज मोठा केला. काकू नेहमी मागायची तेच गाणं लागलं. आई सरळ होऊन बसली.

"कुणी मागितलं गं?"

"कुणी नाही. कॉम्प्युटर लावतो."

गाणं संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मला राहवलं नाही. "सरळ फोन कर ना तिला."

"आणि बोलू काय? काम नाही, कारण नाही."

"कारण कशाला लागतं?"

"तू तुझी पत्रकं वाट."

मीच नंबर लावला. काकूने पहिल्या रिंगलाच फोन उचलला. "कोण? तू गो? आवस खंय?" मी फोन आईपुढे धरला. आईने जोरजोरात मान हलवली. झोपलीय सांग, अशी खूण केली.

"झोपलीय," मी म्हणाले.

काकूच्या घरातून पुढचं गाणं ऐकू येत होतं. तेच आमच्याकडेही चालू होतं, मोठ्याने.

"निजली हा आणि रेडिओ चालू?" ती म्हणाली. मग म्हणाली, "असांदे. निजांदे तिका," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"झोपू दे म्हणाली."

आई भिंतीकडे तोंड करून खरंच आडवी झाली.